शिकणारे आणि बघणारे

दिपालीनं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘शिकणारे’, उजवीकडे ‘बघणारे’. मग कुणालाही न विचारता उजवीकडे पहिलं नाव घातलं: आप्पा.

समोर बसलेल्या तिच्या आप्पांनी, म्हणजे सिद्धाप्पानं, ते वाचलं. वही उलटी होती, पण त्यानं काय बिघडतं. त्याला ऐकू येत नव्हतं, दिसत सगळं होतं.

“अवो, चटणी सरकवा की जावयाकडं,” त्याची बायको विजयमाला म्हणाली. म्हणताना तिनं दोन बोटं हलवली, त्यामुळे त्यानं चटणीच सरकवली, चिवडा नाही.

भाऊबीज कालच झाली होती. लेक दिपाली, जावई महेश्वर आणि दहा वर्षांची नात पायल पुण्याहून सोलापूरला आले होते. जानेवारीच्या शेवटी बर्फात जायचं ठरलं होतं. आजी-आजोबा धरून हे पाच आणि महेश्वरच्या बहिणीच्या घरचे चार, असे नऊ जण. नुसता बर्फ बघून यायचं नाही, पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरायला शिकायचं. नवांपैकी एकानंही फ्रीजबाहेरचा बर्फ पाहिलेला नव्हता. आता फक्त कुठं जायचं एवढंच ठरायचं होतं.

*गुलमर्ग.*

हे महेश्वरचं. “नाव घेतलं की लोकांना कळतं तरी. नाही तर ऑफिसात सांगत बसा, कुठं आहे, कसं आहे.” त्यानं मोबाईल सगळ्यांसमोरून फिरवला. पडद्यावर एक माणूस कड्यावरून उडाला, हवेत वळला आणि खाली उतरून निघून गेला.

“बाबा, ह्याला आधीपासून येतं,” पायल म्हणाली. “पहिल्या दिवशी काय करतात ते दाखवा ना.”

महेश्वरनं बराच वेळ शोधलं. त्याच्या फोनमध्ये सगळे उडणारेच होते. गुलमर्ग इथं संपलं.

*औली.*

हे दिपालीचं. तिनं उत्तराखंडातलं एक हॉटेल शोधून काढलं होतं. खालच्या मजल्यावर भिंतभर काच, काचेपलीकडे उतार. “आप्पा आणि आई इथं बसतील. शेगडी आहे, चहा आहे. आम्ही घसरताना दिसू त्यांना.”

“मी काचंमागं बसू? मी काय दुकानातली साडी हाय व्हय?” विजयमाला म्हणाली. “माझं नाव तिकडं घाल. डावीकडं.”

“आई, तुझे गुडघे...”

“गुडघं माझं हायत. घाल.”

दिपालीनं घातलं. विजयमालानं नवऱ्याकडं बघितलं. “आन् ह्यांचं?”

“आई, अगं तिथं शिकवणारा लांबून ओरडून सांगतो. थांबा म्हटलेलं ऐकू आलं नाही तर? आप्पा सरळ दरीतच जातील.” मग ती सिद्धाप्पाकडं वळून हसली. महेश्वर हसला. बहिऱ्या माणसाकडं बघून लोक हसतात तसं, जरा जास्त दात दाखवून.

सिद्धाप्पाही हसला. लेकीच्या ओठांवरचा एकही शब्द त्याच्या नजरेतून सुटला नव्हता.

*अक्कलकोट रोड.*

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत छत्तीस वर्षं त्यानं टॉवेलचे माग चालवले. मैंदर्गीहून अठराव्या वर्षी आला तेव्हा त्याला भिंतीपलीकडं पडलेली सुई ऐकू येत होती. शेडमध्ये चोवीस माग एकदम चालायचे. तिथं तोंडानं बोलणारा माणूस नवखा समजावा. जुनी माणसं हातानं बोलायची. मूठ म्हणजे थांब. दोन बोटं मनगटावर म्हणजे धागा तुटला. तळहात पोटावर म्हणजे जेवलास का.

विजयमाला कोपऱ्यात कांड्या भरायची, म्हणजे आडव्या सुताची रिळं. एके दुपारी पाच माग मध्ये असताना तिनं पोटावर हात ठेवून त्याला विचारलं. त्यानं मान हलवली, नाही. तिनं डबा वर करून दाखवला. लग्नाचंही त्यानं असंच, पाच मागांवरून विचारलं. ती लाजून कांड्यांत तोंड घालून बसली, पण शेडभर माणसांनी प्रश्न वाचलेला होता, आणि सगळी तिला हातानं सांगत होती, व्हय म्हण की, व्हय म्हण. एवढी माणसं हसत होती आणि मागांच्या खडखडाटाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

पुढं कान गेले. एकदम नाही, टॉवेल विरत जातो तसे. दिपालीनं कानाचं मशीन घेऊन दिलं. त्यातून बोलणं यायचं नाही, पंख्याचा आवाज तेवढा मोठा व्हायचा. ते डबीत राहिलं.

मला शिकायचंय. वहीपुढं बसून त्याला एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की सगळे एकदम बोलणार, ते कळलं नाही की आपण ‘काय?’ म्हणणार, तिसऱ्या ‘काय?’ला समोरचा हात झटकणार आणि म्हणणार, काही नाही आप्पा, जाऊ द्या. ‘काही नाही’ हे दोन शब्द त्याला कुणाच्याही ओठांवर, अंधारातसुद्धा वाचता आले असते.

*कपडे.* (हे गाव नव्हे. पण मध्ये आलं.)

“थंडीच्या कपड्यांचं टेन्शनच नाही,” महेश्वर म्हणाला. “माझ्या मित्राचं टॉवेलचं युनिट आहे. जाडजूड टर्किशचे नऊ गाऊन शिवून घेऊ. सोलापूरची माणसं सोलापूरच्या कापडात.”

दिपालीला पटलं. विजयमालालाही पटलं. वहीत लिहूनही झालं.

आणि सिद्धाप्पा मोठ्यानं हसला. सगळे दचकले. त्यानं खांद्यावरचा टॉवेल घेतला, ताटात पसरला आणि तांब्यातलं पाणी वरून ओतलं. पाणी गेलं. ताटात थेंब उरला नाही.

“बगा,” तो म्हणाला. “ह्ये पाणी प्यायसाटीच इणलंय. बर्फात बसलासा की बुडाखाली बादली घेतल्यागत व्हईल. तितं कपडे भाड्यानं मिळत्यात का, ते इचारा आदी.”

महेश्वर ओल्या टॉवेलकडं बघत राहिला. विजयमाला पदर तोंडाला लावून हसत होती. “छत्तीस वर्सं टावेल इणलं आमी,” ती म्हणाली, “आन् माज्यासुदा डोक्यात आलं न्हाय बगा.”

पायलनं वही आपल्याकडं ओढली, नवीन पान काढलं आणि पहिला प्रश्न लिहिला. मग आजोबांचा गुडघा हलवून, तोंड त्यांच्यासमोर धरून विचारलं, “आजोबा, आणखी काय विचारायचं?”

सिद्धाप्पानं नातीकडं बघितलं. बाकीच्यांकडं बघितलं नाही.

“इचार,” तो म्हणाला, “ऐकू न येणाऱ्या माणसाला शिकवता का.”

दिपालीनं मान वर केली. पायलनं लिहिलं, आणि ‘का’पुढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

*नारकंडा.*

म्हणजे हिमाचलातल्या नारकंड्याच्याही पुढचं एक खेडं. उडायला कडे नाहीत, काचा नाहीत. महेश्वरच्या एका सहकाऱ्याच्या मुलांना तिथं नेगी नावाच्या माणसानं शिकवलं होतं. दुपारी व्हिडिओ कॉल लावला. नेगी सफरचंदाच्या बागेत उभा होता, मागे मोकळा उतार, अजून हिरवा. बर्फ जानेवारीत.

कपडे? भाड्यानं मिळतील. बूटसुद्धा. मुलं? शिकवतो. उतार? छोटाच आहे, वरच्याला खालचा दिसतो. दिपाली एकेका प्रश्नापुढं खूण करत गेली. शेवटचा उरला. तिनं फोन पायलकडं दिला.

“अंकल, मेरे नानाजी को...” पायलनं सुरू केलं आणि आवाज गेला.

नेगीचे ओठ हलत होते. चित्र स्वच्छ होतं. “हॅलो? हॅलो?” महेश्वर ओरडला. दिपालीनं आवाजाचं बटण वर-खाली केलं. तिकडे नेगीनं कानाला हात लावून मान हलवली. त्यालाही ऐकू येत नव्हतं.

“बंद करून परत लावू,” महेश्वर म्हणाला.

सिद्धाप्पानं हात पुढं केला आणि फोन मागितला. विजयमालानं तो पायलकडून घेऊन त्याच्यासमोर धरला.

त्यानं स्वतःच्या कानाला बोट लावलं, ते आडवं हलवलं. मग छातीवर तळहात, मग दोन्ही तळवे उतरत्या रेघेत खाली नेले, मग भुवया वर. चालेल का?

नेगी क्षणभर बघत राहिला. मग त्यानं फोन बागेतल्या झाडाला टेकवला, मागे सरला आणि दोन्ही हात मोकळे केले.

पुढची चार-पाच मिनिटं त्या खोलीत दोन माणसं बोलत होती आणि बाकीच्यांना काही कळत नव्हतं.

“काय म्हणतोय?” दिपालीनं विचारलं.

“पुढची टोकं जवळ आणायची, टाचा भायर ढकलायच्या,” सिद्धाप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “मग थांबतंय.”

“काय? कुठली टोकं?”

“पट्ट्यांची. अशी.” त्यानं तळहातांची छपराखालच्या वाशांसारखी जोडी करून दाखवली.

“आप्पा, नाही कळलं. काय?”

त्यानं मान वर केली. तिच्या ओठांवरचा तिसरा ‘काय’ त्यानं नीट बघितला. मग वही घेतली, पेन घेतलं, दोन रेघा काढल्या, टोकाशी जुळणाऱ्या, आणि शांतपणे पहिल्यापासून सांगितलं. “आन् आदी पडायला शिकवणार म्हनतोय. पडायचं कसं, आन् कुनी न उचलता उटायचं कसं. बाकीचं मागनं.”

तेवढ्यात आवाज आला. “...वहाँ हवा चलती है तो किसी को कुछ सुनाई नहीं देता,” नेगी सांगत होता. “हम हाथ से ही सिखाते हैं, बहनजी. नानाजी को बोलो, आप मेरी मदद करना.”

दिपालीनं ते भाषांतर करून सांगायला तोंड उघडलं. विजयमालानं आधीच हातानं सांगून टाकलं होतं.

*गच्ची.*

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत सिद्धाप्पानं माळ्यावरच्या दोन फळ्या काढल्या, चिंध्यांनी पायांना बांधल्या आणि गच्चीत उभा राहिला. गुडघे वाकवले. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी माजिदाभाभी कठड्याशी आली. “क्या जी भाईसाब, सर्कस में भरती हुए क्या?”

“बर्फात चाललेत,” विजयमालानं इकडून सांगितलं.

“हौ? अन् मैं चांद पे जारी,” माजिदा म्हणाली, आणि चिमटे तोंडात धरून बघत थांबली.

सिद्धाप्पानं टोकं जवळ आणली. टाचा बाहेर ढकलल्या. डावी फळी निसटली आणि एकसष्ट वर्षांचा तो माणूस कुशीवर पडला.

“आप्पा!” दिपाली धावली. दोनच पावलं. विजयमालानं तिचं मनगट धरलं होतं.

गच्चीवर पडल्या पडल्या सिद्धाप्पानं मूठ वर केली. मग कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतले. फळ्या एका बाजूला, आडव्या, शेजारी शेजारी. एक हात जमिनीवर. दुसरा. कंबर उचलली, परत टेकली, परत उचलली. माजिदाच्या हातातला ओला झगा ठिबकत होता. दिपालीचा हात आईच्या मुठीत तसाच होता, पण आता ती ओढत नव्हती.

तो उभा राहिला. श्वास खाली येईपर्यंत थांबला. कोपराला खरचटलं होतं, तिकडं त्यानं बघितलंही नाही.

मग त्यानं गुडघे वाकवले आणि दोन्ही टाचा पुन्हा हळूहळू बाहेर सरकवायला लागला.