काट्यावरचं ताट

"लवकर गिळा हो," शिंपी दबक्या आवाजात म्हणाला. "काटा आला की बोंब होईल."

शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरला हे सांगावं लागत नव्हतं. त्याचा पाय मोडला होता, भूक शाबूत होती. शिंप्याच्या ताटातला कुस्करलेला बटाटा, अंडं आणि सूप त्यानं बघता बघता पोटात ढकललं आणि ताट परत शिंप्याच्या मांडीवर ठेवलं.

"काका, मीठ कमी आहे."

"मग तक्रार करा की! फुकटचं खाऊन वर नखरे."

वजनाचा काटा घेऊन येणारी पोरगी शिंप्याचीच होती. विद्यापीठात आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. रोग्यानं ताटात किती टाकलं ते तोलायचं आणि त्यावरून उद्याचं ताट ठरवायचं, हे तिचं प्रात्यक्षिक. हा वॉर्ड तिनं मागून घेतला होता. बापाच्या पोटातल्या गाठीपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. पोरीचं म्हणणं, अन्न आहे ना अजून. शिंप्याला घास बघूनच ढवळायचं. पण भरलेलं ताट पहिल्यांदा काट्यावर ठेवताना तिचा चेहरा जो उतरला, तो पाहून त्यानं ड्रायव्हरला कामावर ठेवून घेतलं होतं.

"बाबा, आजही सगळं संपवलंत!"

"तुझं शास्त्र काम करतंय गं."

शास्त्र काम करतच होतं, फक्त शेजारच्या खाटेवर. शिंप्याची नजर टेप न लावता माप घेणारी. ड्रायव्हरच्या कमरेला आता चांगलं चार बोटं कापड जास्त लागलं असतं. स्वतःचं माप घेणं त्यानं सोडून दिलं होतं. पायजम्याची नाडी तेवढी रोज जास्त लोंबत होती.

सोमवारी सगळ्यांची वजनं झाली. पोरीनं बापाचा आकडा पाहिला. मग ड्रायव्हरचा. मग पुन्हा बापाचा.

"प्लास्टर जड असतं ना," ड्रायव्हर पंख्याकडे बघत म्हणाला.

"ते मागच्या सोमवारीही होतं."

दोन्ही आकडे वहीत उतरवून ती पुढच्या खाटेकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरला घरी सोडलं. "येतो काका," म्हणताना त्याचा गळा भरून आला, अन्नाशिवाय पहिल्यांदाच.

दुपारी ताट आलं. शेजारच्या खाटेवर नुसती ताणलेली चादर. शिंप्यानं चमचा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. तेवढ्यात पोरगी आलीच. काटा बाजूला ठेवून ती ड्रायव्हरच्या खाटेवर बसली, बापाच्या मांडीवरचं ताट ओढून घेतलं आणि जेवू लागली. शिंपी बघत राहिला, ती लहानपणी जेवायला बसली की बघायचा तसा.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"तोही हेच म्हणायचा."

शेवटचा घास तिनं ताट पुसून घेतला. मग रिकामं ताट काट्यावर ठेवून तिनं काट्याचं तोंड बापाकडे वळवलं.

"सगळं संपवलंत, बाबा."

"तुझं शास्त्र गं," शिंपी म्हणाला, आणि पायजम्याची लोंबणारी नाडी त्यानं हळूच पांघरुणाखाली सारली.