ओल्या हाराखालचा फोटो

मित्रांनो, जुना म्हणवून घ्यायला माझं वयच काय! दोन पावसाळेही मी धड पाहिले नाहीत. तरी मी जुना फोटो झालो, कारण माझ्यातलं तोंड पुसलं गेलं. ते तोंड नत्थुजींचं. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं फुलांचं दुकान होतं.

ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी, किशोर आणि सीमाने, अमोलच्या स्टुडिओत दोन फोटो छापायला दिले. एक दुकानासाठी, दुसरा सीमाच्या अमरावतीच्या घरासाठी. एकाच प्रिंटरमधून आम्ही दोघे भाऊ बाहेर पडलो. अमोल म्हणाला, “शाई रातभर वाळू द्या. उद्या वरून स्प्रे मारून देतो, मंग ओल बाधत नाई. चमकवाला मारू का मॅट?”

सीमा म्हणाली, “मॅटच मारा. आमचे बाबा कवा चमकले होते?”

किशोरला मात्र धीर नव्हता. “उद्या सकायीच तेरवी हाये भाऊ. दुकानाचा असाच द्या.”

झालं! मला पुठ्ठ्यावर चिकटवून दुकानात टांगलं. भाऊ मागे राहिला, निवांत वाळला आणि त्याच्या अंगावर स्प्रेचे पातळ पातळ थर चढले. हे सीमाच्या तोंडून ऐकलं, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

फुलवाल्याच्या घरी कोरडा हार कोण घालणार? नत्थुजींची बायको सुभद्राबाई रोजचा पहिला हार मला घालायची, पाणी शिंपडलेला, झेंडूचा. वर ओल्या हाताने गाल पुसायची. आधी कपाळ फिकटलं, मग मिशीचा काळा रंग हनुवटीवर ओघळला.

“काहून जाऊन राहिले हो तुमी दुसऱ्यांदा?” असं म्हणत ती आणखीच पुसायची. किशोर खाली मान घालून फुलं ओवत बसायचा.

मी अमरावतीच्या त्या भावावर जळायचो. तिथे कोरड्या भिंतीवर मजेत असेल लेकाचा! एकच तोरा माझ्यापाशी होता. त्याला स्प्रे मिळाला, पण सुभद्राबाईचा हात मला मिळाला.

अमोलच्या कॉम्प्युटरमधला मूळ फोटो केव्हाच उडाला होता. शेवटी सीमाने स्वतःच्या भिंतीवरचा फोटो काढून आणला. “घे आई. तुयाजवळच राहू दे.”

मला उतरवून त्याला टांगलं. सुभद्राबाईने हार घातला, पण तिचा हात मध्येच थांबला.

“लावू का हात?”

“लाव ना. काई होत नाई.”

तिने गालावरून ओला हात फिरवला आणि आपली बोटं निरखून पाहिली. त्यांना शाई लागली नव्हती. मग ती हमसून हमसून रडली.

मी आता पेटीत आहे, आणि खरं सांगतो, अजून जळतो. मित्रांनो, फोटो वाळू द्या, वरून स्प्रे मारा, मगच हार घाला. किशोर ती एक रात्र थांबला असता, तर सुभद्राबाईचा हात आज माझ्या गालावर असता.