त्साइडलरांच्या दारातला ओंडका

मित्रांनो, माझ्या कपाळावर एक भेग आहे, डाव्या कानाचा तुकडा उडालेला आहे आणि माझ्या तोंडात हात घातलात तर आत नुसती पोकळी लागेल. घाबरू नका. मी पाइनच्या खोडाचा एक जुना ओंडका आहे. एके काळी मी मधमाश्यांचे घर होतो. जर्मनीच्या पूर्वेला, सॅक्सनीतल्या रानाच्या कडेला एक लहानसे गाव आहे. तिथल्या त्साइडलरांच्या दारात, बाकाशेजारी मी उभा असतो.

मला ट्राउगोट त्साइडलर यांनी घडवले. वादळात पडलेला एक पाइन त्यांनी माणसाच्या उंचीचा कापला, आतून कोरून पोकळ केला आणि पाठीला फळीचे दार बसवले. पुढच्या बाजूला त्यांनी एका म्हाताऱ्याचा चेहरा कोरला. जाड भुवया, रुंद नाक आणि आ वासलेले तोंड. त्या तोंडातून माश्या आत-बाहेर करीत. हा चेहरा कुणाचा, असे कुणी विचारले की ट्राउगोट म्हणत, "आमच्या बापाचा. जिवंत असताना तोंड कधी मिटलं नाही. आता तरी त्यातून काही गोड बाहेर येऊ दे!"

त्यांचा मुलगा गोटहिल्फ लहान असताना माझ्याशेजारच्या बाकावर बसून आपल्या आडनावाची गोष्ट ऐकत असे. ती ऐकून ऐकून मलाही पाठ झाली. फार पूर्वी इकडे माणसाला एकच नाव असे. एका गावात तीन हान्स निघाले की घोटाळा होई. मग लोक खूण सांगू लागले. लोखंड ठोकणारा हान्स, दळण दळणारा हान्स आणि झाडावर चढून मध काढणारा हान्स. उंच झाडाच्या ढोलीतून पोळे कापून मध काढण्याच्या कामाला जुन्या भाषेत एक खास शब्द होता. ते काम करणारा तो त्साइडलर. तेव्हा साखर कुठे होती? चर्चमधल्या मेणबत्त्यांनाही मेण लागे. म्हणून त्या लोकांना मोठा मान होता. पुढे साखर आली, राने तुटली. हान्सची नातवंडे झाडावरून उतरली आणि शेतात, गिरण्यांत कामाला लागली. काम सुटले, पण नाव अंगाला राहिले, बोटाला मध राहतो तसे.

माझी ऐन उमेदीची वर्षे फार सुखाची गेली. उन्हाळ्यात माझे पोट सारखे गुणगुणत असे. बाजाराला निघालेले लोक वाट वाकडी करून मला बघायला येत. बायका मुलांना उचलून माझे नाक दाखवीत. नंतर चौकोनी पेट्या आल्या. त्यांतून मध काढणे सोपे होते. गोटहिल्फ यांनीही पेट्या घेतल्या आणि माझे पोट रिकामे झाले. तरी त्यांनी मला दारातून हलवले नाही. त्यांचे दोन्ही थोरले भाऊ पहिल्या महायुद्धातून परतले नव्हते, पत्नी लवकर गेली होती. घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी, रोस्वीटा.

रोस्वीटा मोठी झाली, शहरातल्या काचेच्या कारखान्यात नोकरीला लागली आणि एका रविवारी तिथल्याच एका उंच, लाजऱ्या तरुणाला घरी घेऊन आली. गोटहिल्फ यांनी त्याला बाकावर बसवले.

"नाव काय म्हणालास?"

"लोथार. लोथार श्मिट."

"श्मिट म्हणजे लोहार. कुठले लोहार तुम्ही?"

"तेच तर कुणाला ठाऊक नाही," लोथार म्हणाला. "शाळेत मास्तरांनी 'श्मिट!' अशी हाक मारली की अर्धा बाक उभा राहायचा. दुसऱ्याच कुणाचा तरी मार मी किती वेळा खाल्लाय!"

गोटहिल्फ हसले, पण लगेच त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. रोस्वीटाला त्यांच्या मनातले कळले: आता त्साइडलर हे नाव संपणार. आदल्याच वर्षी आमच्याकडे, म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, नवा कायदा झाला होता. लग्न झाल्यावर दोघांनी एकच आडनाव लावायचे, पण ते नवऱ्याचे की बायकोचे, हे दोघांनी मिळून ठरवायचे.

"बाबा, आम्ही बोललोय," ती म्हणाली. "लोथार त्साइडलर होणार."

"माझी काही हरकत नाही," लोथार म्हणाला. "पोस्टमन तरी चुकणार नाही."

त्या संध्याकाळी गोटहिल्फ यांनी मला फडक्याने पुसून लख्ख केले. पुसताना ते शीळ घालत होते. त्यांना शीळ घालता येते हे मला तेव्हा कळले.

गावात मात्र चेष्टेला ऊत आला. लोथार येताना दिसला की शेजारची मार्गोट कुंपणावरून ओरडे, "काय जावईबापू, लग्नात पांढरा झगा कोण घालणार? तू की ती?" लोथार कानापर्यंत लाल होई आणि म्हणे, "तिला लांब झाला तर मी घालीन." तो हसण्यावारी नेत असे. पण त्याच्या आईला ते हसण्यावारी नेता आले नाही.

एका रविवारी दुपारी शहराच्या बसमधून एक ठेंगणी बाई उतरली. डोक्याला रुमाल, हातात केकचा डबा. ती ओटिली श्मिट, लोथारची आई. तिने आधी मलाच आपादमस्तक न्याहाळले.

"हेच का ते थोबाड, ज्याच्यापायी माझा पोरगा आपलं नाव टाकायला निघालाय?"

गोटहिल्फ बाकावरून उठले. "या श्मिटबाई, बसा. कॉफी टाकायला सांगतो."

"कॉफी नंतर. आधी मला सांगा, लोहार असणं कमीपणाचं आहे का?"

"तसं कोण म्हणतंय? पण तुम्हीच बघा, या देशात डोळे मिटून दगड मारला तरी तो श्मिटला लागेल. श्मिट काही संपत नाहीत. त्साइडलर माझ्यामागे कुणी नाही. नाव टिकावं असं वाटलं, यात काय चुकलं माझं?"

"काही नाही चुकलं." बाई बाकाच्या टोकाला टेकली. केकचा डबा तिने मांडीवरच धरून ठेवला. "माझा एडुआर्ट दुसऱ्या महायुद्धात लढायला गेला तेव्हा लोथार रांगत होता. काही महिने पत्रं आली, मग बंद झाली. बेपत्ता, एवढंच कळवलं. थडगं नाही, फूल ठेवायला जागा नाही. दारावर त्याची पाटी आहे, ए. श्मिट. आमच्या गल्लीत श्मिट पैशाला पासरी आहेत हो! म्हणून तर ते पुढचं 'ए' अक्षर मी रोज पुसून लख्ख ठेवते. आला तर दार चुकायला नको."

गोटहिल्फ तिच्याशेजारी बाकावर बसले.

"येणार नाही, कळतं मला. मी खुळी नाही. पण त्याच्या म्हणाव्यात अशा या जगात दोनच गोष्टी आहेत, पोरगा आणि नाव. पोरगा तुम्ही घेताय, खुशाल घ्या. रोस्वीटा गुणाची आहे. नाव तेवढं राहू द्या."

माझ्यामागची खिडकी उघडी होती. आत कपबश्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. थोड्या वेळाने रोस्वीटा कॉफी घेऊन बाहेर आली. तिघांनी केक खाल्ला. हवेच्या, बटाट्याच्या पिकाच्या गप्पा झाल्या. नावाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. बस आली तेव्हा गोटहिल्फ यांनी मधाची एक बरणी बाईच्या हातात दिली.

ती गेल्यावर ते रोस्वीटाला म्हणाले, "मी माझा हट्ट सोडला. तू श्मिट हो."

रोस्वीटा एकदम भडकली. "तुम्ही सोडलात, त्यांनी धरला! मला कुणी विचारणार आहे की नाही? मी काय मधाची बरणी आहे, कुणीही यावं आणि वरची चिठ्ठी बदलावी?"

"बरं बाई, विचारतो. तू सांग."

ती बाकावर बसली. कितीतरी वेळ तिने माझ्या भुवईवरून बोट फिरवले. लहानपणीही रुसली की ती तसेच करी.

"मला त्साइडलरच राहायचं होतं, बाबा. अजूनही वाटतं. पण ती बाई रोज उठून एक अक्षर पुसते हो. आपल्याकडे हे दार आहे, रान आहे, हे थोबाड आहे. तिच्याकडे काय आहे?" मग ती उठली. "मी होते श्मिट. फक्त मला कुणी शाबासकी देऊ नका. मला रडू येईल."

लग्न झाले. नोंदणी कचेरीत सही करताना तिने सवयीने आधी त्साइडलरच लिहायला घेतले होते, असे लोथार नंतर सगळ्यांना सांगे. ती दोघे शहरात ओटिलीबाईंच्या घरी राहायला गेली. गोटहिल्फ आणखी काही वर्षे जगले. संध्याकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणत, "झालं रे. आता आपण दोघंच." एका शरदात तेही गेले आणि घराला कुलूप लागले.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस आठवले की आजही मला थंडी वाजते. छपराची पन्हळ फुटली आणि तिचे पाणी माझ्या कपाळावर गळू लागले. एका कडक हिवाळ्यात ते पाणी भेगेत गोठले, भेग वाढली आणि कान निखळून पडला. पाठीत मुंग्यांनी वारूळ केले. सुतारपक्षी मला झाड समजून ठोकून जाई. रस्त्याने जाणाऱ्यांपैकी कुणीच थांबत नसे. या दारात राहणाऱ्यांना काय म्हणत, हेही गावातली नवी माणसे विसरली.

शहरात ओटिलीबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि रोस्वीटा त्यांचे सगळे करत होती. म्हणून तिला गावी यायला जमत नसे. हे मला तेव्हा माहीत नव्हते. मला वाटे, तीही विसरली. ओटिलीबाई गेल्यावर रोस्वीटा आणि लोथार कायमची गावी परतली. माझी दशा पाहून रोस्वीटा पायरीवर बसली ती उठेचना. लोथारने मात्र बाह्या सरसावल्या. मुंग्या काढल्या, पन्हळ दुरुस्त केली आणि स्वयंपाकघरातून जवसाच्या तेलाची बाटली आणली.

"अहो, ते बटाट्यांवर आणि चक्क्यावर घालायचं तेल आहे!" रोस्वीटा ओरडली.

"तुझा पणजोबा आहे हा. किती वर्षं उपाशी ठेवलाय त्याला!"

तेव्हापासून दर वसंतात लोथार मला तेल चोळतो. घरामागे त्याने माश्यांच्या पेट्याही ठेवल्या. सुरुवातीला त्याचे तोंड सुजून माझ्यासारखे होई.

पुढे पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या मध्ये उभी असलेली भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाले आणि आमच्याकडे घरोघरी टेलिफोन आले. त्याआधी तो फार थोड्यांकडे असे. टेलिफोनची जाडजूड पुस्तकेही आली. आणि मग एका उन्हाळ्यात आमच्या दारासमोर एक बस थांबली. आतून टक्कल पडलेला एक गृहस्थ उतरला आणि मला बघून त्याने दोन्ही हात जोरात एकमेकांवर आपटले.

"बाई, या घरात कुणी त्साइडलर राहतात का?"

"राहायचे," रोस्वीटा म्हणाली.

"कुठे गेले?"

"एक तुमच्यापुढे उभी आहे. आता श्मिट."

"तरीच! श्मिटांच्या पानांत तुम्हाला कुठे शोधणार होतो मी?" तो हसला. "मी झीगमार त्साइडलर. केम्नित्स शहरात ट्राम चालवायचो. टेलिफोनच्या पुस्तकात पाहिलं तर आमच्या नावाची ही रांग! मला वाटायचं आम्हीच काय ते. मग एकेकाला फोन लावत सुटलो. त्यांतल्याच एका म्हातारीने या ओंडक्याचा पत्ता दिला. बहुतेक सगळे आपल्या सॅक्सनीतलेच. थोडे बव्हेरियात. एक तर अमेरिकेतून आलाय."

बसमधून माणसे उतरतच राहिली. दातांच्या डॉक्टरबाई, नर्स, शिंपीण, टीव्ही दुरुस्त करणारा. अमेरिकेतल्याला तर आपले आडनावही नीट म्हणता येईना. सगळे त्साइडलर! त्यांनी घरासमोरच्या कुरणात टेबले मांडली. केक कापला आणि घरामागच्या पेट्यांतल्या दोन-तीन माश्या वासाने आल्या. झाले! मध काढणाऱ्यांचे अख्खे खानदान टेबलाखाली घुसले. डॉक्टरबाईंच्या केसांत अडकलेली माशी अलगद सोडवली ती लोथार श्मिटने.

हसणे ओसरल्यावर झीगमार खुर्चीवर चढला. "आता सगळ्या त्साइडलरांनी उभं राहायचं आणि एकेकाने आपलं नाव सांगायचं!"

खुर्च्या सरकल्या. माझ्याशेजारच्या बाकावर रोस्वीटा आणि लोथार तेवढी बसून राहिली.

"ऊठ," लोथार म्हणाला.

"मी श्मिट आहे."

"ऊठ गं. आजच्या दिवस मी एकटा श्मिट पुरे."

ती उठली. कुरणभर एकेक आवाज येत होता, कुणाचा जाड, कुणाचा किनरा, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच नाव. तिची पाळी आली तेव्हा तिने माझ्या भुवईवर बोट टेकवले. लोक थांबले. मग ती खणखणीत म्हणाली, "रोस्वीटा त्साइडलर. गोटहिल्फची मुलगी." आणि बाकावर बसून तिने लोथारच्या खांद्यात तोंड लपवले.

मित्रांनो, नावे आपली काळजी आपण घेतात. कुठे कुठे पांगतात आणि तगून राहतात. काळजी घ्यावी लागते ती माणसांची, आणि जमले तर दारातल्या एखाद्या म्हाताऱ्या ओंडक्याची. तुमच्याही घरात आई असेल, आजी असेल, काकू असेल. लग्नात जुने नाव मागे ठेवून आलेली. आज तिच्याजवळ बसा आणि ते नाव विचारा. तिने हळूच सांगितले, तर म्हणा, ऐकू आले नाही, जरा मोठ्याने सांग.