लेकी पोचवणारी मर्सिडीज

मित्रांनो, माझं नाव एका मुलीचं आहे.

तुम्ही मला मर्सिडीज म्हणता, रस्त्यात दिसले की मान वळवून बघता. पण हे नाव मुळात अकरा वर्षांच्या एका पोरीचं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तिच्या वडिलांना मोटारींचं भारी वेड. जर्मनीतल्या डाइमलर कंपनीच्या गाड्या ते विकत घेत आणि दुसऱ्यांना विकत. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी कंपनीला पूर्वीपेक्षा ठेंगणी आणि वेगवान अशी नवी गाडी करायला सांगितली आणि तिला आपल्या लेकीचं नाव द्यायला लावलं. स्पॅनिश भाषेत त्या नावाचा अर्थ कृपा असा होतो. पुढं डाइमलर आणि बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या आणि आमचं घराणं मर्सिडीज-बेंझ झालं. आमच्या कपाळावरच्या ताऱ्याला तीन टोकं असतात. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी आपली इंजिनं चालावीत, असं डाइमलरचं स्वप्न होतं.

मी स्वतः जर्मनी पाहिलेली नाही. माझा जन्म पुण्याचा. आमचं घराणं भारतात गाड्या जोडायला लागलं, त्या सुरुवातीच्या काळातली मी. माझे पुष्कळसे भाग पेट्यांत भरून समुद्रावरून आले आणि इथल्या माणसांनी ते जुळवले. रंग पांढरा, इंजिन डिझेलचं. पहिली काही वर्षं मी पुण्यातल्या एका कारखानदाराकडं होते. त्यांनी मला जपलं, पण आमच्या घराण्यात माझ्यापेक्षा गुळगुळीत आणि देखण्या बहिणी जन्माला आल्या, तसं त्यांचं मन माझ्यावरून उडालं. मोठ्या घरात हे चालायचंच. मी विकले गेले आणि लोहाऱ्याला आले. त्या वेळी जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं.

लोहारा म्हणजे तालुक्याचं लहानसं गाव. तहसील कचेरी, एसटी स्टँड, माणसं भरून धावणाऱ्या जीपा आणि चारी बाजूंनी तुरीची शिवारं. तिथं सिद्धलिंग अण्णांची डाळमिल होती. अण्णा साधे गृहस्थ. गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा, पायात साध्या चपला. असा माणूस मर्सिडीज कशाला घेतो, असं सगळ्या गावाला वाटलं. मलाही वाटलं.

त्याचं कारण मला त्यांच्या बोलण्यातून हळूहळू कळलं. अण्णांची धाकटी बहीण इरम्मा त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. तिचं लग्न ठरलं होतं. 'अण्णा, माझी पाठवणी बैलगाडीतून न्हाई, मोटारीतून करायची,' असं ती थट्टेनं म्हणायची. मिल चांगली चालू लागल्यावर अण्णांनी मला आणलं आणि गावात सांगून टाकलं की लोहाऱ्याची कुठलीही लेक सासरी जाईल ती या गाडीतून. वाण्याची असो, मराठ्याची असो, मातंगाची असो, मुसलमानाची असो. डिझेलसुद्धा मिलचं.

मग माझे खरे कामाचे दिवस सुरू झाले. लग्नसराईत मला श्वास घ्यायला सवड नसे. कपाळावर झेंडूची माळ, टपावर अक्षता, पायऱ्यांशी रडणाऱ्या आया आणि मागच्या सीटवर हिरव्या चुड्यातली नवरी. उमरग्याला, तुळजापूरला, ढोकीला, सीमेपलीकडं आळंदला, कुठं कुठं म्हणून गेले मी! ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं तासन्‌तास रांगत गेले. आमच्या घराण्यातल्या गाड्यांतून राजे फिरले, मंत्री फिरले. माझ्यातून शेतकऱ्यांच्या आणि हमालांच्या मुली फिरल्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मला चालवायचे ते श्रीमंत. नाव श्रीमंत, घरी दीड एकर कोरडवाहू रान. 'गाडीचा मालक साधा आणि डायव्हर श्रीमंत,' असं म्हणून गाव हसायचं आणि तेही हसायचे. ते मला ओल्या फडक्यानं पुसत, इंजिन गरम झाल्याशिवाय पळवत नसत आणि नवरी रडायला लागली की आरसा थोडा वर करत, म्हणजे तिला कुणी बघतंय असं वाटू नये. सासरच्या दारात गाडी थांबली की स्वतः उतरून दार उघडत आणि म्हणत, 'उतर बाई, सुखानं नांद.' पुष्कळशा लेकींच्या कानावर माहेरचा शेवटचा शब्द तो पडला.

अण्णा वारले आणि सगळं बदललं. मुलगा महांतेश पुण्यात नोकरीला होता. मिल भाड्यानं दिली. घरात उरल्या त्या अण्णांच्या पत्नी शांतम्मा. त्याच वर्षी श्रीमंतांच्या डोळ्यांनी दगा दिला. साखरेचा आजार डोळ्यांत उतरला होता. एकदा दुपारच्या लख्ख उन्हात रस्त्यावरचं वासरू त्यांना दिसलं नाही. मी अगदी हातभरावर थांबले. वासरू वाचलं. ते तसेच मला सावकाश घरी घेऊन आले आणि त्यांनी किल्ली शांतम्मांच्या हातावर ठेवली. 'माझ्या भरवशावर आता कुणाची लेक बसवू नका,' एवढंच ते म्हणाले.

मी घराशेजारच्या मिलच्या पत्र्याखाली उभी राहिले. कुणीतरी अंगावर ताडपत्री टाकली. मित्रांनो, उभं राहणं किती जड असतं, हे चालणाऱ्यालाच कळतं. पहिल्या वर्षी बॅटरी गेली. नंतर चाकं बसली. उंदरांनी वायरी कुरतडल्या, मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातली, आणि एके दिवशी कपाळावरचा तारा कुणीतरी मोडून नेला. लग्नं होत होती. वाजंत्री ऐकू यायची. लेकी भाड्याच्या गाड्यांतून जात होत्या.

शेवटी महांतेश भंगारवाल्याला घेऊन आला. मुलगा वाईट नव्हता. जागा अडली आहे, गाडीचे कागद संपलेत, असं त्यानं आईला नीट समजावलं. भंगारवाल्यानं माझ्या पत्र्यावर बोटानं टकटक केलं. आठवड्यानं टेम्पो घेऊन येतो म्हणाला आणि गेला.

ही बातमी ऐकून श्रीमंत मला भेटायला आले. काठी टेकत, चाचपडत. त्यांनी ताडपत्री बाजूला केली आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. शांतम्मा ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी हर्षालीचं कुठवर आलं म्हणून विचारलं. हर्षाली ही श्रीमंतांची एकुलती एक मुलगी. तामलवाडीच्या रणधीरशी तिचं जमलं होतं, लग्न उन्हाळ्यात होतं. पोरगा चांगला आहे, घरची द्राक्षबाग आहे, असं त्यांनी सांगितलं.

मग म्हणाले, "अक्का, गावच्या समद्या लेकी सासरच्या दारापोत्तर म्या पोचवल्या. माजीच तेवढी ऱ्हाती."

शांतम्मांनी सूप खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्यात त्या कायम मागं बसलेल्या, डाव्या खिडकीशी. पुढच्या सीटवर त्या कधी बसल्यासुद्धा नव्हत्या.

"मला शिकवाल का?" त्यांनी विचारलं.

श्रीमंतांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते म्हणाले की मला दिसत नाही, मी काय शिकवणार. त्यावर शांतम्मा म्हणाल्या, "बघायचं काम माझं. तुम्ही फक्त सांगा."

आठवड्यानं आलेला टेम्पो रिकामा परत गेला. सोलापूरहून वैजनाथ मिस्त्री आला. वायरी बदलल्या, टाकी धुतली, नवी चाकं बसवली. पुष्कळ दिवस गेले त्यात. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी एवढा काळा धूर सोडला की ओट्यावरच्या बायका पदर नाकाला लावून आत पळाल्या. मला अगदी लाजल्यासारखं झालं. कागद नवे झाले. शांतम्मांनी शिकाऊ लायसन काढलं. महांतेश फोनवर चिडला, मग पुण्याहून स्वतः आला. त्याला भीती होती आणि ती खोटी नव्हती. गाडी जुनी, रस्ते असे, आईनं साठी ओलांडलेली.

"अव्वा, लोक काय म्हणतील ते राहू दे," तो म्हणाला. "तुला काही झालं तर?"

"इथं बसूनबी काहीतरी होणारच की रे," शांतम्मा म्हणाल्या.

जाताना त्यानं माझे चारी ब्रेक वैजनाथकडून पुन्हा तपासून घेतले.

मित्रांनो, शांतम्मा पहिल्यांदा स्टिअरिंगमागं बसल्या, तेव्हा मला आमच्या घराण्यातली एक जुनी गोष्ट आठवली. पहिली मोटार तयार करणारे कार्ल बेंझ हुशार होते, पण त्यांच्या तीन चाकी गाडीवर लोकांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्यांची बायको बर्था उठली. नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेतलं आणि ती गाडी हाकत थेट आईच्या गावी निघाली. शंभरावर किलोमीटर. इतक्या लांब तोवर कुणीच मोटारीनं गेलं नव्हतं. वाटेत इंधन संपलं तेव्हा तिनं औषधाच्या दुकानातून कपडे साफ करायचं द्रावण विकत घेऊन टाकीत ओतलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. पोचली, आणि परतही आली. आमच्या घराण्याचं नाव मुलीचं आहे आणि आमची पहिली लांबची वाट एका बाईनं पाडली. मग लोहाऱ्याच्या शांतम्मांनी का बिचकावं?

बिचकल्या मात्र त्या. क्लच सोडताना मी बेडकासारखी उड्या मारत बंद पडायची. मिलच्या आवारातला हौद त्यांनी एकदा माझ्या डाव्या अंगानं घासला, तो वण अजून आहे. श्रीमंत शेजारी डोळे मिटून बसत आणि माझ्या आवाजावरून सांगत. आता गाडी दमलीय, गिअर उतरवा. आता तिला पळू वाटतंय, सोडा. पुढं बाजाराच्या मोकळ्या मैदानात, मग जेवळीच्या रस्त्यावर. बांधावरून बाया हाक मारत, 'अक्का, आमालाबी न्या की!' आणि पारावरचे म्हातारे हसत. हसणारे महिनाभरात थकले. शांतम्मा थकल्या नाहीत. पक्कं लायसन त्यांच्या हातात पडलं, त्या दिवशी त्यांनी माझ्या टपावरून हात फिरवला.

हर्षालीचं लग्न दुपारच्या मुहूर्तावर लागलं. जेवणावळी उरकल्या आणि पाठवणीची वेळ झाली. माझ्या कपाळावर, जिथं तारा होता तिथं, कुणीतरी झेंडूचं फूल खोवलं होतं. रिवाज असा की नवरीबरोबर बाप जात नाही. पण श्रीमंत डायव्हर म्हणून साऱ्या गावाच्या लेकींबरोबर गेले होते, तेव्हा तामलवाडीच्या पाहुण्यांनीच त्यांना चला म्हटलं. श्रीमंत सवयीनं पुढच्या दाराशी आले. शांतम्मांना गिअर सांगायला ते पुढं बसणार होते. नवरदेव रणधीर मागं नवरीशेजारी बसायला निघाला होता.

"रणधीर, तुम्ही पुढं या," शांतम्मा म्हणाल्या. "श्रीमंत, मागं लेकीपाशी बसा. रस्ता मला दिसतोय."

श्रीमंत दार धरून उभे राहिले. इतकी वर्षं ते माझ्याबरोबर होते, पण मागच्या सीटवर टेकले नव्हते, पुसण्यापुरते वाकले तेवढेच. ते आत आले ते अंग चोरून, पाहुण्याच्या घरी बसावं तसे.

आम्ही निघालो. नळदुर्ग गेलं, तुळजापूर आलं. तुळजापुरातून बाहेर पडलं की सोलापूरच्या अंगाला घाट उतरतो. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता आणि मागून एक ट्रक हॉर्न देत होता. शांतम्मांच्या तळव्यांचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागला. तेवढ्यात मला मागच्या फरशीवर दाब जाणवला. श्रीमंतांचा उजवा पाय होता तो. ब्रेक दाबावा तसा ते खालची फरशी दाबत होते. तोंडानं मात्र एक अक्षर नाही.

शांतम्मांनी गिअर उतरवला. माझं इंजिन खर्जात बोललं आणि मी स्वतःला सावरून धरलं. ट्रकला जाऊ दिलं. एक वळण, दुसरं वळण. ट्रॅक्टर सावकाश बाजूला झाला, त्याला मागं टाकून आम्ही उताराच्या शेवटी सपाटीला लागलो. फरशीवरचा तो पाय हळूहळू सैल झाला. हर्षालीनं वडिलांचा हात हातात घेतला होता. श्रीमंतांनी तिच्या अगदी जवळ वाकून तिचं तोंड बघितलं. तेवढ्या अंतरावरून त्यांना दिसत होतं. मग त्यांना रडू फुटलं. शांतम्मांनी हात लांब करून आरसा थोडा वर केला.

तामलवाडीला द्राक्षबागेच्या कडेला घर होतं. श्रीमंत चाचपडत उतरले, वळसा घालून आले आणि त्यांनी दार उघडलं. जे शब्द ते परक्या लेकींना सांगत आले होते, ते त्यांच्या तोंडून निघेनात. शेवटी हर्षालीच म्हणाली, "आबा, सुखानं नांदीन. जावा तुम्ही."

आता मित्रांनो, गावातल्या लेकी पुन्हा माझ्यातून सासरी जातात. लग्न नसेल त्या दिवशी शांतम्मा मला घेऊन बाजाराला जातात आणि वाटेतल्या बायांना बसवून नेतात. श्रीमंत शेजारी असतात. माझं वय झालं आहे. एक दिवस मला टेम्पोत चढवतीलच, त्याचं मला दुःख नाही. पण तुमच्या घरात एखादी सायकल किंवा शिवणयंत्र कापड टाकून कोपऱ्यात उभं असेल, तर तेवढं कापड काढा. थोडं तेल घाला, चाक फिरवून बघा. आणि एखादं थकलेलं माणूस तसं कोपऱ्यात बसलं असेल, तर त्याला विचारा, मला काही शिकवाल का? ते आधी नाही म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारा.