धक्क्यावरची वकिलात

"मारायचंय? मारा. पण आधी हे वाचा," सेलेपा म्हणाली.

तिने पुढे केलेलं वकिलातीचं ओळखपत्र मासेमारी बोटीच्या मुकादमाने हिसकावून डेकवरच्या रक्तात फेकलं आणि त्यावर गमबूट ठेवला. रक्त माशांचं होतं. थोडं इओसेफाचंही होतं.

इओसेफा कठड्याला टेकून बसला होता. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला; श्वास घेताना तो बरगड्या धरत होता. जाळं फाटलं म्हणून त्याला दोन दिवस दांडक्याने मारत होते. सकाळी त्याने कुणाचा तरी फोन लपवून ताइपेला लावला होता. "मावशी, दुपारी बोट निघणार. या वेळी मी परत येत नाही."

तैवानच्या राजधानीत, ताइपेत, तुवालू या चिमुकल्या बेटदेशाच्या वकिलातीत तेव्हा सेलेपा एकटीच होती. राजदूत बुडत्या बेटांचं गाऱ्हाणं घेऊन कुठल्याशा परिषदेला गेले होते. बावन्न वर्षांची सेलेपा तिथली सचिवही होती आणि टायपिस्टही; मेजवानीच्या दिवशी ताटंही तीच मांडायची. तुवालूची खलाशी पोरं तिला मावशी म्हणत. ती पहिल्या गाडीने काओशुंग बंदरावर आली.

चौकीतल्या हवालदाराने तिचं सगळं ऐकून घेतलं. "बोट परक्या झेंड्याची आहे, बाई. खलाशांची मारामारी आमच्या हातात येत नाही." मग जरा ओशाळून म्हणाला, "तुमच्यासारख्या वकिलातीच्या माणसाला कुणी हात लावला असता, तर गोष्ट वेगळी. बोट जागची हलू दिली नसती."

सेलेपाने चहाचा पेला खाली ठेवला. "दहा मिनिटांनी या," ती म्हणाली आणि बोटीकडे चालू लागली.

आता मुकादम तिच्यासमोर उभा होता.

"उतर खाली, म्हातारे."

"पोराला घेऊन उतरते. एका पोराला मारायला पाचजण लागले तुम्हाला. मला मारायला किती बोलावणार?"

मागे कुणीतरी खलाशी फिसकन हसला. मुकादमाचा पहिला ठोसा तिच्या जबड्यावर बसला. दात तुटून जिभेवर आला. ती तोल सावरून पुन्हा त्याच्यासमोर उभी राहिली. मग दांडकं आलं. तिने उजवा हात आडवा धरला आणि हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच ऐकला.

"मावशी, खाली बसा! बसा खाली!" इओसेफा रांगत येत ओरडत होता.

ती बसली नाही. तिसऱ्या फटक्याला पडली. पडल्या पडल्या तिला धक्क्यावरून धावत येणारे बूट दिसले.

मुकादमाला बेड्या पडल्या. बोट थांबली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात बोटमालकाचा वकील फळांची परडी घेऊन आला. मुकादम मालकाचा मेहुणा होता. "तुम्ही घसरून पडलात, असं लिहून द्या. बदल्यात काय हवं ते बोला."

"तुमच्या दुसऱ्या बोटीवर आमची तीन पोरं आहेत. या पोराचा भाऊ टिमो त्यातच. तिघंही धक्क्याला लागली, की लिहीन. त्याआधी नाही."

राजदूतांचा फोन आला. "हात मोडलाय तुझा, सेलेपा! हा देशाचा अपमान आहे."

"साहेब, पोरं समुद्रात आहेत. अपमानाचं मग बघू."

"तू तिथे आहेस. तू ठरव," राजदूत म्हणाले.

चौथ्या दिवशी तिघं उतरली. टिमोचा आवाज तिने फोनवर स्वतः ऐकला, मग 'घसरून पडले' असं लिहिलेल्या कागदावर डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

शेजारच्या खाटेवरून इओसेफा बघत होता.

"म्हणजे मुकादम सुटला?"

"सुटला."

"मला त्याला तुरुंगात बघायचं होतं."

"मलाही."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी नर्स तांदळाची पेज ठेवून गेली. सेलेपाने डाव्या हाताने चमचा उचलला. अर्धी पेज छातीवर सांडली. दुसऱ्यांदाही तेच झालं.

इओसेफा बरगड्या धरत उठला. तिच्या खाटेच्या कडेला बसला, सांडलेलं पुसलं आणि चमचा काढून घेतला. राग त्याच्या चेहऱ्यावरून गेला नव्हता.

"तोंड उघडा," तो म्हणाला, आणि तुटलेल्या दाताची बाजू टाळून त्याने तिला पहिला घास भरवला.