ओढ्यापर्यंतचा मतदारसंघ

मित्रांनो, मी एक जुना मतदारसंघ आहे. हसू नका. छत्रीला आत्मवृत्त असतं, फुटक्या घड्याळाला असतं, मग मीच काय घोडं मारलंय? खरं सांगायचं तर मला तुमच्याशीच बोलायला आवडतं. तुम्हाला अजून मत नाही, त्यामुळे तुमच्यापुढे गोड बोलायची गरज पडत नाही.

मी बीड जिल्ह्यात राहतो. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक लगेच "आमदार कोण?" असं विचारतात आणि माझी गोष्ट तिथेच राहून जाते. मला हात नाहीत, पाय नाहीत. नकाशावरची एक रेघ आणि तिच्या आतली माणसं, एवढाच मी. माझा जन्म झाला तेव्हा आमचा मुलूख हैदराबाद राज्यात होता. निजाम गेला होता, पण कचेरीतले शब्द अजून त्याचेच होते. चार वर्षांनी आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि आणखी चार वर्षांनी महाराष्ट्रात. म्हणजे जागचा न हलता मी तीन राज्यं फिरून आलो. आमच्याकडचे पुढारी घरी बसल्या बसल्या पक्ष बदलतात, त्याचं मला म्हणूनच कधी नवल वाटलं नाही.

मधूनमधून साहेब लोक आम्हाला नव्याने बेततात. त्याला पुनर्रचना म्हणतात. एकदा माझ्या डाव्या अंगाचा डोंगर काढून शेजाऱ्याला दिला, तोही सीताफळांसकट, आणि त्याच्या बदल्यात मला एक बाजाराचं गाव मिळालं. मी तक्रार केली नाही. २००८च्या पुनर्रचनेत चौसाळा आणि रेणापूर हे माझे दोन शेजारी मतदारसंघ पार पुसलेच गेले. त्यांचा दहावासुद्धा कुणी घातला नाही. तेव्हापासून कुणी पट्टी-पेन्सिल हातात घेतली की मला धडकी भरते.

माझ्या पोटात काय काय आहे म्हणाल, तर ज्वारी आहे, कापूस आहे, तालुक्याला गॅरेजं आणि फळांचे गाडे आहेत, अंबाजोगाईच्या दवाखान्याकडे धावणाऱ्या जीपगाड्या आहेत. पुढारी तर इतके आहेत की सतरंजी उचलायला माणूस मिळत नाही. आणि ऊसतोडीला जाणारी माणसं आहेत. दसरा-दिवाळी झाली की ती कोयते, भांडी आणि लेकरं घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे निघतात, ती थेट पाडव्याच्या सुमाराला परततात. तिकडचे मतदारसंघ गोड होतात ते माझ्याच माणसांच्या जिवावर. मी मात्र सहा महिने अर्धा रिकामा असतो.

माझी रेघ एका ओढ्यावरून जाते. ओढ्याच्या अलीकडे धाकटी वाडी, ती माझी. पलीकडे थोरली वाडी, ती शेजाऱ्याची. दोन्ही वाड्यांचा मारुती एक, यात्रा एक, सोयरीक एक आणि ऊसतोडीची टोळीही एकच. आमदार तेवढे दोन. ओढ्याला पाणी चार महिने असतं, रेघ मात्र बारमाही आहे.

तर गेल्या विधानसभेची गोष्ट. निवडणूक लागली नोव्हेंबरात आणि माझी माणसं उसात. अशा वेळी उमेदवार त्यांना आणायला गाड्या पाठवतात. कायद्याने उमेदवाराने मतदाराला गाडी द्यायची नसते, म्हणून ती गाडी कधीच उमेदवाराची नसते. ती लग्नाची असते. माझे उमेदवार आप्पा, पांढऱ्या कपड्यातले, दिसेल त्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. त्यांनी तालुक्याच्या वाहेद मिस्त्रीचा मोठा टेम्पो धाडला. त्याच्या काचेवर 'शुभविवाह' असं लिहिलं होतं. पलीकडच्या मतदारसंघातून विजयसिंह उभे होते. त्यांचाही टेम्पो निघाला. त्याच्या काचेवर नवरीचं नावही होतं.

तिकडे उसाच्या फडावर धाकट्या वाडीची सत्यशीला या गाडीची वाट बघत होती. तिची मुलगी वनमाला चौथीत. शाळा बुडू नये म्हणून तिला या वर्षी आजीपाशी, भामाबाईपाशी, वाडीतच ठेवलं होतं. फोनवर पोरगी रोज दिसायची, पण फोनवरून वेणी घालता येत नाही. भामाबाईला नीट दिसत नाही, त्यामुळे पोरीची एकच वेणी आणि तीही कानावर. सत्यशीलाने पोरीला शब्द दिला होता की मतदानाला नक्की येते. मुकादमाने एका दिवसाची सुट्टी दिली होती. बैलांना मतदान नसतं पण वैरण लागते, म्हणून नवरा मागेच राहणार होता.

वाहेदचा टेम्पो फडावर पोचला. त्याने हाक दिली, "वाडीचे चला!" वाडीचे तर सगळेच होते. आधी पोचली ती थोरल्या वाडीची माणसं, आणि टेम्पो गच्च भरून निघालासुद्धा. सत्यशीला भाकरी बांधून येईपर्यंत मागे फक्त धूळ राहिली होती. घटकाभरात विजयसिंहांचा टेम्पो आला, त्यात धाकटी वाडी बसली. आपण दुसऱ्याच्या गाडीत बसतोय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मित्रांनो, माणसं मतदारसंघाकडे निघालेली नव्हती, घराकडे निघाली होती. पोलिसांनी अडवलं तर नवरदेव म्हणून तानाजीला पुढे करायचं ठरलं. तानाजी हा सत्यशीलाचा चुलत सासरा. त्याला दोन नातवंडं आहेत.

दुपारी धाकट्या वाडीच्या शाळेपाशी आप्पा हात जोडून उभे होते. वाहेदचा टेम्पो आला, माणसं उतरली, सगळ्यांनी आप्पांना मनापासून रामराम केला आणि सरळ ओढ्यात उतरून पलीकडे चालू लागली.

"आरं, तिकडं कुठं निघालाव?" आप्पांनी विचारलं.

"मतदानाला, आप्पा."

"मग माझ्या गाडीत कावून बसलाव?"

"गाडी गावालाच येतीया म्हणल्यावर बसलाव."

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं आप्पा रोज भाषणात सांगत, पण टाळी ओढ्यापलीकडे चालली होती. ते वाहेदवर घसरले. वाहेद म्हणाला, "म्या इचारलं ना आप्पा, वाडीचे का? ते हां म्हणले. आता कपाळावर का मतदारसंघ लिव्हलेला असतो?"

इकडे विजयसिंहांच्या ड्रायव्हरला वाटेतल्या ढाब्यावर खरी गोष्ट कळली. पुरीभाजी वाटून झाल्यावर कळली, हे त्याला जास्त लागलं. त्याने फोन लावला आणि हुकूम आला, की आपली नाहीत तर उतरवा. वाडीपासून दहा-बारा किलोमीटर अलीकडच्या फाट्यावर त्याने सगळ्यांना उतरवलं आणि रिकामा टेम्पो घेऊन तो निघून गेला. ऊन उतरायला लागलं होतं. सहाला मतदान बंद होणार होतं. बाकीचे कडेला बसून राहिले, सत्यशीला मात्र चालत सुटली. मला पाय असते तर मित्रांनो, मी वाडी उचलून तिच्यापुढे आणून ठेवली असती.

निम्म्या वाटेवर समोरून वाहेद आला. आप्पांनी त्याला खऱ्या मतदारांना शोधायला पिटाळलं होतं. त्याने सत्यशीलाला बसवलं, फाट्यावरून बाकीच्यांना उचललं आणि सहाला थोडा अवकाश असताना टेम्पो शाळेपाशी आणून उभा केला. केंद्राध्यक्षांनी रांगेतल्या सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी हातात असली की सहानंतरही मत देता येतं. वाहेदने बजावलं, शेवटचं मत पडलं की लगेच निघायचं, मुकादमाला सकाळी माणसं फडावर पाहिजेत.

भामाबाई वनमालाला घेऊन शाळेच्या दारात उभीच होती. पोरगी धावत आली आणि आईच्या कमरेला बिलगली. सत्यशीलाने रांग सोडली नाही. तिने पोरीला पुढे उभं केलं, कानावरची वेणी सोडली, आपल्या केसांतला कंगवा काढला आणि विंचरायला सुरुवात केली.

रांग सरकली. सत्यशीलाने मागच्या बाईला पुढे घातलं. पुन्हा सरकली, तिने तानाजीला पुढे घातलं. असं करत करत तिने अख्खी धाकटी वाडी पुढे घातली आणि स्वतः शेवटी राहिली. एक वेणी झाली. तिने शांतपणे दुसरी घ्यायला घेतली. केंद्राध्यक्ष बाहेर येऊन घड्याळ दाखवून गेले. वाहेदने हॉर्न दिला. आप्पा दुरून हात जोडत होते, आता तर त्यांनी डोकंही खाली घातलं होतं.

"बाई, मत टाका ना आता," शिपाई म्हणाला.

"टाकते की," सत्यशीला म्हणाली. "मत माझंच हाय न्हवं? मग येळबी माझाच."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी मंत्री पाहिले, हेलिकॉप्टर पाहिलं, मोठमोठ्या सभा पाहिल्या. पण एक बाई वेणी घालतेय आणि उमेदवार, यंत्र, पोलीस, टेम्पो सगळे तिच्यासाठी खोळंबलेत, हे पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी मला मतदारसंघ असल्याचा अभिमान वाटला.

दोन वेण्या झाल्या, लाल रिबिनी बांधून झाल्या, फडक्यातला गुळाचा खडा पोरीच्या हातात देऊन झाला. मग सत्यशीला आत गेली. तिने कुणाला मत दिलं ते मला ठाऊक आहे, पण ते मी सांगत नसतो. ती बाहेर आली, तिने पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि टेम्पोत चढली. टेम्पो चालू झाला तेव्हा वनमालाने विचारलं, "आये, आता मतदान कवा हाय?"

"पाच वर्सांनी."

पोरीने जरा विचार केला आणि शेजारी उभ्या आप्पांकडे वर पाहिलं. "आप्पा, दर म्हैन्याला घ्या की."

आयुष्यात पहिल्यांदाच आप्पांनी आश्वासन दिलं नाही.

पुढे चार दिवस वनमालाने कुणाला वेण्यांना हात लावू दिला नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातला कुणी पट्टी-पेन्सिल घेऊन माझी रेघ ओढायला बसेल, कुणी हात जोडून माझ्या शाळेपुढे उभा राहील. रेघ कुठूनही ओढा, डोंगर घ्या, ओढा घ्या, मी कुरकुरणार नाही. फक्त एवढं करा, की रेघेच्या आतल्या आयांना आपल्या पोरीची वेणी घालायला निवडणुकीची वाट बघावी लागू नये.