पंख्याखालची जागा

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला आणि ताईला सरळ विचारलं, "गोळी नियमित घेत होतात ना?"

ताई पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. "चारपाच महिने घेतली. मग सोडली."

शेजारी बसलेली धाकटी झटकन ताईकडे वळली. आई स्तनाच्या कॅन्सरने गेल्यावर याच बाईंनी दोघी बहिणींना तपासून ती गोळी दिली होती. शरीरातल्या ज्या हार्मोनवर असली गाठ पोसते, त्याला अडवणारी गोळी, पाच वर्षं घ्यायची. आता ताईच्या छातीत गाठ निघाली होती, आणि ती कॅन्सरचीच होती.

त्या गोळीने धाकटीचा जीव मात्र अगदी नकोसा केला होता. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, आणि दोघींचा धंदा लॉन्ड्रीचा, म्हणजे विचारायलाच नको. इस्त्रीपुढे जरा उभं राहिलं की भोवळ यायची. गोळी बंद करते म्हणाली, तेव्हा ताईने तिला चांगलंच फैलावर घेतलं. "गोळी सोडायची नाही. इस्त्री मी बघते, तू काउंटरवर बस." धाकट्या बाईसाहेब पंख्याखाली बसून पावत्या फाडू लागल्या. वर ताईची थट्टा करायला मोकळ्या. "तुला बरं काही होत नाही. गेंड्याची कातडी आहे तुझी."

"गोळी आणि इस्त्री, दोन्ही झेपेना," ताई आता सांगत होती. "दोघींनी सोडण्यापेक्षा एकीने सोडलेली बरी."

"गोळीने धोका कमी होतो, संपत नाही," बाई म्हणाल्या. "घेतली असती तर गाठ आलीच नसती, असं मी म्हणणार नाही. पण मला सांगायला हवं होतंत. काहीतरी मार्ग काढला असता."

बाहेर आल्यावर धाकटी ताईवरच उखडली. रडू आवरायला तिला दुसरं काही सुचलं नाही. "मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?" ताई साधेपणाने म्हणाली.

धाकटीला आठवलं. एकदा कपडे द्यायला ती आत गेली, तर ताई मानेवर ओला टॉवेल दाबून भिंतीला टेकली होती. चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले. धाकटीने गठ्ठा आवाज न करता खाली ठेवला होता आणि परत जागेवर येऊन बसली होती. विचारलं तर इस्त्री पुन्हा हातात घ्यावी लागेल, एवढं तिला तेव्हाही कळत होतं.